‘डी’ गेला आणि जोडाक्षरं गेली

(धायरीत झालेल्या एका सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. पडद्यावर दाखवलेल्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत.)

मागे आवाज येतोय ना? ठीक.

आजचा विषय अगदी बारीक आहे. लिनक्स असलेल्या संगणकावर कीबोर्डचं एक बटण चालेनासं झालं तर काय करायचं. सगळा कीबोर्ड नाही, फक्त एक बटण. यावर तासभर काय बोलणार, असं मलाही वाटलं होतं. पण एक शनिवारची संध्याकाळ सांगतो, मग बघा.

आमच्या इथे दोन इमारती सोडून एक ताई राहतात. घरून मराठी टायपिंगची कामं घेतात. प्रबंध, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असं काय काय. त्या लॅपटॉप कडेवर घ्यावा तसा घेऊन आल्या. एका विद्यार्थिनीचा पीएचडीचा प्रबंध सोमवारी जमा करायचा होता, शेवटच्या प्रकरणाच्या दुरुस्त्या बाकी होत्या, आणि ‘डी’चं बटण बंद पडलं होतं. एका दुकानात दाखवलं तर ते म्हणाले, कीबोर्ड बदला, पार्ट यायला चार दिवस. दुसऱ्या कुणी सांगितलं, हे लिनक्समुळे होतं, ते काढून टाका. आणि ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “काका, लिनक्स तुम्हीच टाकून दिलं होतंत ना?”

टाकून दिलं होतं मीच. (हशा)

आता एक ‘डी’ गेला तर एवढं काय बिघडलं? इंग्रजी टाइप करणाऱ्याचं एक अक्षर जातं. मराठीचं काय होतं बघा. ताई इन्स्क्रिप्टवर काम करतात. ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणली, आणि १९९१ च्या इस्की मानकातही ती आली. ती लोकांपर्यंत पोचवण्यात सी-डॅकचा मोठा हात आहे, आणि सी-डॅक १९८८ चं, आपल्या पुण्यातलंच. या मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, म्हणजे ‘डी’वर, काय आहे? हलन्त. अक्षराचा पाय मोडायचं बटण. मराठीत पाय मोडल्याशिवाय दोन ओळीसुद्धा लिहून होत नाहीत, म्हणून ते सगळ्यात सोयीच्या जागी ठेवलंय. शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की ‘अ’ येतो.

म्हणजे ‘डी’ गेला की ‘अ’ गेला आणि सगळी जोडाक्षरं गेली. ‘महाराष्ट्र’चं ‘महाराषटर’ होतं. ‘स्वातंत्र्य’चं ‘सवातंतरय’. प्रबंधाचा ‘परबंध’ झाला होता आणि अभ्यासाचा ‘भयास’. (हशा) ताईंना हसू येत नव्हतं.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्या भागात पाण्याचा टँकर कुणाला नवा नाही. घरातल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलतो का? नाही. आधी दुसरा नळ सोडून बघतो. मग शेजारी विचारतो. मग गच्चीवर कुणीतरी जाऊन टाकीत डोकावतं, कुणी व्हॉल्व्ह बघतं, कुणी वॉचमनला विचारतं की टँकर आला होता का. पाणी कुठवर पोचलंय हे आधी शोधतो. बटणाच्या बाबतीत मात्र हे कुणाला सुचत नाही. तिथे एकदम कीबोर्ड बदला नाहीतर लिनक्स काढा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बोटापासून पडद्यावरच्या अक्षरापर्यंत कशी वाट आहे ते थोडक्यात सांगतो. बटणाखाली एक रबरी टोपी असते आणि तिच्याखाली प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेघा छापलेल्या असतात, मधल्याला भोकं असतात. बटण दाबलं की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. कीबोर्डची चिप ते टिपते आणि एक आकडा पाठवते. तिला ‘डी’ म्हणजे काय ते माहीत नसतं, फक्त जागेचा आकडा. तो आकडा कर्नल घेतं. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, लष्करातले नव्हेत. (हशा) कर्नल त्याला स्वतःचा एक आकडा देतं आणि वर डेस्कटॉपकडे सोडतं. तिथे मांडणी बसते. इंग्रजी असेल तर ‘डी’, इन्स्क्रिप्ट असेल तर हलन्त. काही जणांकडे त्याच्याही वर आयबससारखा प्रोग्राम असतो, उच्चारावरून टाइप करणाऱ्यांकडे विशेषकरून. आणि शेवटी तुमचा रायटर किंवा ब्राउझर.

एवढ्या वाटेत पाणी कुठे अडलंय ते शोधायचं, तर पहिल्यापासून एकेक जोड तपासत बसू नका. मध्यावर कॉक उघडून बघा. तिथवर आलं असेल तर दोष वरच्या अंगाला, नसेल तर खालच्या. निम्मं काम एका फटक्यात कमी होतं.

ताईंच्या लॅपटॉपची गंमत अशी की पहिली तपासणी आपोआपच झाली. त्यांच्या पासवर्डात ‘डी’ होता, म्हणजे लॉगिनलाच अडलो. लॉगिनच्या पडद्यावर सुलभतेचं चिन्ह असतं, त्यातून पडद्यावरचा कीबोर्ड काढला आणि माऊसने ‘डी’वर क्लिक केलं. आत गेलो. मग रायटर उघडून, इन्स्क्रिप्ट लावून तिथेही तेच केलं. पाय मोडला, जोडाक्षर आलं. हा पडद्यावरचा कीबोर्ड पापुद्रे, चिप, कर्नल यांच्या वाटेला जातच नाही, मधूनच वाटेला लागतो. म्हणजे मांडणी ठीक, रायटर ठीक. एक पैसा न खर्चता, एकही कमांड न देता वरचं अर्धं निर्दोष सुटलं. ही युक्ती घरी कुणालाही जमेल.

आता मधला कॉक. त्यासाठी ईव्हीटेस्ट नावाचं छोटं साधन आहे. कर्नलपर्यंत काय पोचतंय ते नेमकं तेवढंच दाखवतं. उबंटू किंवा मिंट असेल तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ईव्हीटेस्ट’, आणि मग ‘सुडो ईव्हीटेस्ट’. आणि इथे आम्ही परत अडकलो, कारण ‘सुडो’मध्येच ‘डी’ आहे! (हशा) मी माझा यूएसबी कीबोर्ड लावला. त्याचा ‘डी’ उमटला, ही आणखी एक साक्ष.

ईव्हीटेस्ट सुरू केलं की यादी देतं. पॉवरचं बटण, लॅपटॉपचं झाकण, टचपॅड, कीबोर्ड, सगळ्यांची. इथे घाई करू नका. लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डचं नाव बहुतेक वेळा ‘एटी ट्रान्सलेटेड सेट टू कीबोर्ड’ असं असतं. चुकून दुसरा क्रमांक निवडलात तर कुठलंही बटण दाबा, काहीच दिसणार नाही, आणि तुम्ही म्हणाल अख्खा कीबोर्ड गेला. मी स्वतः एकदा असा पाव तास घालवलाय. आणि कीडीसारखा बटणांची अदलाबदल करणारा प्रोग्राम चालू असेल तर तो कीबोर्ड स्वतःच्या ताब्यात घेऊन बसलेला असतो. मग ईव्हीटेस्टला काही मिळत नाही. तसं ते स्पष्ट सांगतं, पण आपण वाचत नाही.

ताईंना म्हटलं, आता लॅपटॉपवर ए, एस, डी, एफ ओळीने दाबा. प्रत्येक बटणाला दोन ओळी यायला हव्यात. एकीत चिपने पाठवलेला आकडा, दुसरीत कर्नलने दिलेला. ‘ए’ला कर्नलचा आकडा ३०, ‘एस’ला ३१, ‘डी’ला ३२, ‘एफ’ला ३३. शेवटी ‘व्हॅल्यू’ लिहिलेलं असतं. १ म्हणजे दाबलं, ० म्हणजे सोडलं, २ म्हणजे धरून ठेवलंय.

३० आला. ३१ आला. मग काही नाही. मग ३३.

इथे एक बारकावा नीट लक्षात घ्या. पहिली ओळ आली असती, म्हणजे चिपचा आकडा पोचला, पण दुसरी आली नसती किंवा तिथे भलतंच नाव आलं असतं, तर दोष कर्नलच्या तक्त्यात. लॅपटॉपच्या विशेष बटणांबाबत हे होतं, आवाजाचं, उजेडाचं वगैरे. तेव्हा ‘डीमेसेज’ या कमांडमध्येही अनोळखी बटण दाबल्याची नोंद सापडते. आमच्याकडे दोन्ही ओळी नव्हत्या. चिपकडूनच काही निघत नव्हतं. (‘एफएन’ बटणाबद्दल मात्र घाबरू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ते आतल्या आतच हाताळलं जातं, लिनक्सला ते कधी दिसतच नाही.)

तरी मला माझी अब्रू वाचवायची होती. (हशा) म्हणून लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि ग्रबच्या पडद्यावर थांबवला, जिथे कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारतात तो पडदा. तिथे ‘सी’ दाबलं की टाइप करायला जागा मिळते. त्या क्षणी लिनक्स अजून जागंही झालेलं नसतं. तिथे ‘ए, एस, एफ’ उमटले, ‘डी’ नाही. म्हटलं ताई, हे लिनक्सचं पाप नाही.

दुकानदाराचं निदान बरोबर होतं हेही कबूल केलं पाहिजे. फक्त ते तपासून केलेलं नव्हतं, आणि सोमवारचं उत्तर त्यात नव्हतं.

एकच बटण का जातं? लॅपटॉपच्या कीबोर्डवर ऐंशीच्या आसपास बटणं असतात, पण प्रत्येकाला वेगळी तार नसते. उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका छेदावर बसलेलं असतं. एखादी रेघच तुटली किंवा पट्टीची केबल ढिली झाली तर त्या रेघेवरची चार-सहा बटणं एकदम जातात. ती कीबोर्डवर शेजारी-शेजारी असतीलच असं नाही, म्हणून लोकांना ते भुताटकीसारखं वाटतं. एकटंच बटण गेलं तर दोष त्या छेदापुरता असतो. कचरा, चहाचा थेंब, गंज, किंवा निव्वळ झीज. ताईंना विचारलं, चहा सांडला होता का? नाही. मग घरातून चिरंजीवांचा उल्लेख झाला. गेम. डब्ल्यू, ए, एस, डी. ‘डी’ म्हणजे उजवीकडे पळा. पोरगा दोन वर्षं उजवीकडे पळत होता. (हशा) खात्रीने त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, पण ताईंनी घरी जाऊन जे म्हणायचं ते म्हटलं असणार.

आता सोमवार. माझा यूएसबी कीबोर्ड घेऊन जा म्हटलं. पण रविवारी त्या विद्यार्थिनीच्या घरी बसून दुरुस्त्या करायच्या होत्या, लॅपटॉप मांडीवर, आणि समोर आणखी एक कीबोर्ड ठेवायला जागा नाही. मग विचार केला, इन्स्क्रिप्टमध्ये कधीच न लागणारं बटण कुठलं? कॅप्सलॉक. मराठीत मोठी लिपी-छोटी लिपी नाहीच. आणि ते आहे कुठे, ‘ए’च्या डावीकडे, करंगळीपाशी. तर कॅप्सलॉकलाच ‘डी’ करायचं.

हे करायचे रस्ते अनेक आहेत. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी एक्समॉडमॅप सांगतात. तो मला या कामाला आवडत नाही. तो वरच्या अंगाला, मांडणीच्या पातळीवर काम करतो, आणि तुम्ही इंग्रजी-मराठी अदलाबदल केलीत, मांडणी पुन्हा लागली, की पुष्कळदा पुसला जातो. त्यापेक्षा कर्नलच्या तक्त्यातच बदल केला तर वर कुठलीही मांडणी असो, ते बटण ‘डी’च असतं. लॉगिनलासुद्धा.

पडद्यावर बघा. ‘ईटीसी’च्या आत ‘यूडेव्ह’, त्यात ‘एचडब्ल्यूडीबी डॉट डी’ नावाचा फोल्डर. तिथे एक नवी फाइल करायची, नावाच्या शेवटी ‘डॉट एचडब्ल्यूडीबी’ हवं. आत दोनच ओळी. पहिल्या ओळीत कुठला कीबोर्ड ते, ‘ईव्हीडेव्ह, एटीकेबीडी, डीएमआय’ आणि तारका, मध्ये विसर्गचिन्हासारखे कोलन. दुसऱ्या ओळीत ‘कीबोर्ड, की, ३ए’, बरोबर, ‘डी’. हा ३ए म्हणजे कॅप्सलॉकसाठी चिप पाठवते तो आकडा. पाठ करायची गरज नाही, ईव्हीटेस्टच्या पहिल्या ओळीत दिसतो. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक रिकामी जागा सोडायची. ती विसरलात तर सगळं बरोबर लिहूनही काही होणार नाही आणि रात्रभर डोकं खाजवत बसाल. मग ‘सिस्टिमडी एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ या दोन कमांड सुडोने, किंवा पहिली देऊन सरळ रीस्टार्ट. यूएसबी कीबोर्ड असेल तर पहिली ओळ वेगळी आणि आकडाही वेगळा, कॅप्सलॉकसाठी ७००३९.

परत ईव्हीटेस्ट. ताईंनी कॅप्सलॉक दाबलं. पहिल्या ओळीत ३ए, दुसरीत ३२, की-डी. मग रायटरमध्ये ष, कॅप्सलॉक, ट, कॅप्सलॉक, र. ‘ष्ट्र’. शिफ्ट धरून कॅप्सलॉक, ‘अ’. पहिली दहा मिनिटं त्यांचं मधलं बोट सवयीने जुन्याच जागी जात होतं, नंतर करंगळीला कळलं. प्रबंध सोमवारी दुपारी जमा झाला.

आता याच्या उलट प्रकार सांगतो, म्हणजे दोष वरच्या अंगाला असला तर. एक निवृत्त शिक्षक, हिशेबासाठी उजवीकडच्या आकड्यांची बटणं वापरणारे. ते सगळे आकडे एकदम बंद. नवा कीबोर्ड आणला, तोही तसाच! दुकानदाराशी भांडायला निघाले होते. ईव्हीटेस्टमध्ये प्रत्येक आकडा व्यवस्थित दिसत होता. म्हणजे कर्नलपर्यंत पाणी आहे. मग पडद्याकडे नीट पाहिलं तर ४ दाबलं की माऊसचा बाण डावीकडे सरकत होता, ८ ला वर. सुलभतेच्या सेटिंगमध्ये ‘माऊस कीज’ चालू झालं होतं. हात न वळणाऱ्यांसाठी ती फार चांगली सोय आहे, पण नकळत लागली तर पंचाईत. तिथेच ‘स्लो कीज’ असतं, त्यात बटण थोडा वेळ धरून ठेवल्याशिवाय अक्षर येत नाही, आणि भराभर टाइप करणाऱ्याला वाटतं कीबोर्ड मेला. त्या सेटिंगच्या पानावर एकदा नजर टाकाच.

कर्नलपर्यंत येतंय आणि अक्षर नाही, असं झालं तर पुढचा कॉक म्हणजे एक्सईव्ही. एक छोटी पांढरी खिडकी उघडते, तिच्यात बटण दाबायचं. इथे ‘डी’चा आकडा ४० दिसेल, ३२ नाही. दचकू नका. एक्समध्ये आकडे ८ पासून सुरू होतात, म्हणून प्रत्येकात ८ मिळवलेले असतात. बटण दाबल्याची नोंद न येता ‘फोकस आउट’ आणि ‘नोटिफाय ग्रॅब’ असे शब्द आले, तर दुसऱ्याच कुठल्या प्रोग्रामने ते बटण शॉर्टकट म्हणून मध्येच उचललंय. कुठल्या, ते शॉर्टकटच्या सेटिंगमध्ये शोधायचं.

आणि एक नेहमीचं. अनेक बटणं ‘मेली’ असतील, आणि दाबल्यावर भलतंच काहीतरी घडत असेल, फाइल सेव्ह होतेय, खिडकी बंद होतेय, तर बंद पडलेलं बटण शोधू नका. अडकलेलं शोधा. कंट्रोल खाली रुतून बसलेलं असतं. ईव्हीटेस्टमध्ये कुणी हात न लावता व्हॅल्यू २ च्या ओळी धो धो वाहताना दिसतात.

प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून : ईव्हीटेस्टला सुडो का लागतं? नुसतं बघायचंच तर आहे.)

बघायचं आहे, पण कुणी? सुडोशिवाय चालू दिलं तर कुठलाही प्रोग्राम तुमचा बँकेचा पासवर्ड बघत बसेल. म्हणून ते चालू असताना पासवर्ड टाइप करू नका आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ‘लिबइनपुट डीबग इव्हेंट्स’ नावाचं असंच एक साधन आहे, ते अक्षरं मुद्दाम झाकून ठेवतं. मुद्दाम सांगितलं तरच दाखवतं.

(श्रोत्यांमधून : माझ्याकडे वेलँड आहे. एक्सईव्ही चालेल का?)

खिडकी उघडेल, पण ती वेलँडच्या आत वेगळ्या खोलीत बसलेली असते. तिथे जे दिसेल त्यावरून सगळ्या डेस्कटॉपचा निष्कर्ष काढू नका. वेलँडला डब्ल्यूईव्ही वापरा. ईव्हीटेस्ट मात्र दोन्हीकडे सारखंच, ते दोघांच्याही खाली आहे.

(श्रोत्यांमधून : एक अक्षर दोनदा येतं, त्याचं काय?)

ईव्हीटेस्टमध्ये प्रत्येक ओळीला वेळ असते, सेकंदाच्याही बारीक भागांत. दोन दाबण्यांमध्ये काही हजारांश सेकंदच असतील तर ते तुमचं बोट नाही, संपर्क थरथरतोय. तात्पुरतं सुलभतेतलं ‘बाउन्स कीज’ लावा, लागोपाठची दुसरी दाब ते सोडून देतं. पण थोडा वेळ कमीच ठेवा, नाहीतर ‘अण्णा’ लिहिताना दुसरा ‘ण’ यायचा नाही... थांबा, चुकलो, मध्ये हलन्त दाबतो आपण, तिथे अडचण नाही. इंग्रजीत ‘लेटर’ लिहिताना दोन टी येतात, तिथे येईल.

(श्रोत्यांमधून : चहा सांडला तर?)

आधी बंद करा, चार्जर काढा, उलटा धरा. ‘चालतोय का’ म्हणून चालू करून बघू नका. साखर वाळली की बटण चिकटतं. वरून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सुटतं कधी कधी. बटण चाकूने उचकटू नका, खालच्या कात्रीसारख्या पट्ट्या मोडतात.

(श्रोत्यांमधून : त्या ताईंनी नंतर कीबोर्ड बदलला का?)

बदलला, पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं आता ती फाइल काढतो, कॅप्सलॉक परत मिळेल. ती पुसायची, त्याच दोन कमांड द्यायच्या, रीस्टार्ट करायचं, झालं. त्या म्हणाल्या, राहू द्या काका. आता दोन्हीकडून पाय मोडता येतो.